कांकेरची शाळा, नव्या रायपूरचा पहारा

रायपूरहून जगदलपूरचा रस्ता धरला की अभनपूर, धमतरी मागे टाकत सुमारे १४० किलोमीटरवर कांकेर येतं. गावातून दूध नदी वाहते, पाठीशी गढिया डोंगर उभा आहे. बस्तरच्या उंबरठ्यावरच्या या गावात २००५ साली छत्तीसगड सरकारने एक शाळा काढली. तिचं कागदोपत्री नाव 'काउंटर टेररिझम अँड जंगल वॉरफेअर कॉलेज'. तिचे पहिले प्रमुख ब्रिगेडियर बसंत कुमार पोनवार. मिझोराममध्ये वैरेंगते इथे लष्कराची अशीच एक शाळा आहे, तिथला अनुभव गाठीला बांधून ते आले होते.

कांकेरच्या शाळेत येणारे शिपाई नवखे नव्हते. कवायत, बंदोबस्त, पंचनामा, कोर्टातली साक्ष हे सगळं शिकून ते नोकरीला लागलेले होते. पण बस्तरात नक्षलवाद्यांशी लढण्याचं वाट्याला आलेलं काम या शिक्षणात कुठेच बसत नव्हतं. गाडी सोडून पायी चालायचं, आल्या वाटेने परतायचं नाही, रात्री उजेड करायचा नाही, एवढ्या साध्या गोष्टी अंगात मुरल्या नसल्याने माणसं जीव गमावत होती. १५ मार्च २००७ ला राणीबोदलीत नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात ५५ जण गेले. ६ एप्रिल २०१० ला ताडमेटल्याजवळ ७६ जवान गेले. अशा प्रत्येक घटनेनंतर शस्त्रं, गाड्या, छावण्या मागितल्या जातात आणि त्या मिळतातही. पण त्या वापरणारा माणूस नव्याने घडवावा लागतो, त्याला वेळ लागतो, आणि तो घडवण्यासाठी वेगळी जागा, वेगळे शिक्षक आणि वेगळा अभ्यासक्रम लागतो. गनिमाशी लढायचं तर गनिमासारखंच लढायला शिकलं पाहिजे, हे कांकेरचं सूत्र. शिवकालापासून गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला ते वेगळं समजावून सांगायला नको.

मला कांकेरची आठवण काढावीशी वाटली ती दुसऱ्याच एका, सायबर सुरक्षेच्या लढाईमुळे. ही लढाई साल-सागाच्या जंगलात होत नाही. ती रायपूरच्या माहिती केंद्रात, तहसील कचेरीतल्या संगणकावर, अंगणवाडी सेविकेच्या मोबाइलवर आणि पोलीस ठाण्यातल्या एका टेबलावर होते. तिथेही उपकरणं आली आहेत, इमारती उभ्या राहत आहेत, भूमिपूजनं होत आहेत. माणसं किती घडली आणि घडलेली माणसं कुठे बसवली, हा प्रश्न मात्र उरतोच.

राज्याचं कोठार

छत्तीसगडला 'धान का कटोरा' म्हणतात. २०२४-२५ च्या हंगामात सरकारने २५ लाखांहून अधिक शेतकऱ्यांकडून सुमारे १४९ लाख टन धान खरेदी केलं, क्विंटलला ३,१०० रुपये भावाने. शेतकऱ्याची नोंदणी, त्याच्या जमिनीचा खसरा (गट क्रमांक), विक्रीचा दिवस ठरवणारं टोकन, केंद्रावर बोटाचा ठसा आणि खात्यात येणारा पैसा, ही सगळी साखळी संगणकावर चालते. टोकन काढायच्या मोबाइल अ‍ॅपचं नावच 'टोकन तुंहर हाथ' असं छत्तीसगढी आहे. मार्च २०२४ पासून महतारी वंदन योजनेत सुमारे ७० लाख महिलांच्या खात्यात दरमहा हजार रुपये जमा होऊ लागले. तेही संगणकावरूनच.

ही वाट इथे नवी नाही. २००७ साली रायपूरमधल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या अभियंत्यांनी राज्याच्या अन्न खात्याबरोबर धान खरेदीचं आणि रेशनचं संगणकीकरण केलं. देशभरातून अधिकारी ती व्यवस्था पाहायला येत. त्या यशामागे सरकारी नोकरीतले अभियंते होते. धान केंद्रावर काय घडतं, रेशन दुकानदार कुठे चोरी करतो, ट्रक कुठे वळतो, हे त्यांना कळत होतं आणि ते बरीच वर्षं त्याच कामावर टिकून होते. बाहेरून विकत आणलेल्या प्रणालीला असं शहाणपण नसतं.

त्याही आधीचं उदाहरण भिलाईचं. १९५० च्या दशकात पोलाद कारखाना उभा करायचा ठरला तेव्हा भट्टी चालवणारी पुरेशी माणसं आपल्याकडे नव्हती. अभियंत्यांना शिकायला सोव्हिएत रशियात पाठवलं गेलं. रायपूरमध्ये १९५६ साली खाणकाम आणि धातुशास्त्राचं सरकारी महाविद्यालय सुरू झालं, तेच आजचं एनआयटी. गरज ओळखून माणूस घडवण्याची परंपरा या भूमीला आहे. म्हणूनच इथल्या सायबर पहाऱ्याकडे पाहताना अपेक्षाही मोठी ठेवायला हवी.

देशाचं चित्र काळजी वाटावी असं आहे. सरकारी संस्थांशी संबंधित सायबर घटना २०१९ मध्ये ८५,७९७ होत्या, २०२३ मध्ये त्या २,०४,८४४ झाल्या. हे आकडे संसदेत सरकारनेच दिलेले आहेत. २०१३ च्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरणात पाच वर्षांत पाच लाख प्रशिक्षित माणसं तयार करण्याचं उद्दिष्ट लिहिलं होतं. त्या ओळीला आता एक तप उलटून गेलं. आजही सरकारी कार्यालयात 'सायबर सुरक्षा कोण पाहतं' असं विचारलं तर बहुधा ज्याच्याकडे प्रिंटरची तक्रार जाते त्याच माणसाकडे बोट दाखवलं जातं.

किल्ली कुणाच्या हातात?

सायबर सुरक्षा म्हटलं की काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं टाइप करणारा कुणी तरुण आपल्या डोळ्यांपुढे येतो. छत्तीसगडमधली दोन प्रकरणं वेगळं काही सांगतात.

भुइयां हे इथल्या जमिनीच्या नोंदींचं पोर्टल. आपल्याकडे महाभूलेख, तसं इथे भुइयां. आपला तलाठी तो इथला पटवारी. २०२५ मध्ये दुर्ग जिल्ह्यातल्या काही गावांत पटवाऱ्यांच्या आयडीतून जमिनीच्या नोंदींत फेरफार झाल्याचं उघडकीला आलं. अस्तित्वात नसलेले खसरे तयार झाले, जमीन भलत्याच नावांवर चढली, आणि त्या कागदांवर बँकेचं कर्जही उचललं गेलं. इथे दरोडेखोर भिंत फोडून आत शिरला नव्हता. दाराला किल्ली लावूनच तो आत आला होता.

दुसरं प्रकरण डिसेंबर २०२४ मधलं, बस्तर जिल्ह्यातलं. महतारी वंदन योजनेत एका प्रसिद्ध सिनेतारकेच्या नावाने नोंद झालेली आढळली आणि दरमहा हजार रुपये एका पुरुषाच्या खात्यात जात होते. बातमी देशभर गाजली, लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. अर्ज भरणं, तपासणं आणि मंजूर करणं हे तीन टप्पे तीन वेगवेगळ्या माणसांनी डोळे उघडे ठेवून करायचे असतात. एक लॉगिन दुसऱ्याच्या हाती गेलं किंवा तपासणारा न पाहताच पुढे ढकलत गेला की तिन्ही टप्प्यांचा एकच टप्पा होतो.

म्हणून सरकारी सायबर मनुष्यबळाची पहिली फळी पटवारी, अंगणवाडी सेविका, धान केंद्राचा ऑपरेटर, जनपद पंचायतीतला बाबू यांची आहे. ही माणसं मुळात अप्रामाणिक असतात असं मुळीच नाही. एका पटवाऱ्याकडे दोन-तीन हलके, म्हणजे सजे असतात, पावसाळ्यात गिरदावरी, म्हणजे पीक पाहणी असते, मोर्चाच्या दिवशी बंदोबस्ताला हजेरी असते. काम उरकायला तो गावातल्या एखाद्या हुशार पोराला बसवतो आणि पासवर्ड सांगतो. त्याच्या दृष्टीने ती मदत असते. पासवर्ड म्हणजे आपली सही आहे, तो दिला की कोऱ्या कागदावर सही करून दिली, हे त्याला नोकरीच्या पहिल्या दिवशी कुणी सांगितलेलं नसतं. बदली झाली की टेबलाची, कपाटाची, शिक्क्याची सोपवणी होते, पंचनाम्यासारखा कागद होतो. लॉगिन बंद झालं की नाही, हे त्या कागदात कुणी लिहीत नाही. सोपवणीच्या त्या यादीत एक ओळ वाढवली तरी पहिल्या फळीचं निम्मं शिक्षण होईल.

शनिवारची दुपार

दुसरी फळी तंत्रज्ञांची. छत्तीसगडमध्ये हे काम मुख्यतः चिप्सकडे, म्हणजे छत्तीसगड इन्फोटेक प्रमोशन सोसायटीकडे येतं. राज्याचं माहिती केंद्र, जिल्ह्यांना जोडणारं जाळं, ई-डिस्ट्रिक्टच्या सेवा हे सारं तिच्या कक्षेत. अशा केंद्रात पहारा म्हणजे काय असतं? प्रत्येक सर्व्हर आपली रोजनिशी लिहीत असतो, तिला लॉग म्हणतात. कोण आलं, किती वाजता आलं, काय उघडलं, किती डेटा बाहेर गेला. पहारेकरी ती रोजनिशी वाचतो. रात्री तीन वाजता तहसीलदाराचं लॉगिन परदेशातून झालं तर त्याच्या मनात पाल चुकचुकली पाहिजे. कंपनीने दुरुस्तीचा पॅच दिला की तो आधी चाचणीच्या यंत्रावर आणि मग खऱ्या यंत्रावर बसवायचा. बॅकअप घ्यायचा, आणि अधूनमधून तो परत लावून पाहायचा. कारण न तपासलेला बॅकअप म्हणजे आत काय आहे हे न बघता वर्षानुवर्षं झाकून ठेवलेली कणगी.

पुण्यातल्या कॉसमॉस बँकेची गोष्ट मराठी वाचकांना आठवत असेल. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. त्या दुपारपासून रात्रीपर्यंत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघत राहिले. सोमवारी स्विफ्ट यंत्रणेतून हाँगकाँगला आणखी रक्कम गेली. एकूण ९४ कोटींच्या वर. हल्लेखोरांनी शनिवारची दुपार उगीच निवडली नव्हती. सुट्टीच्या दिवशी पडद्यासमोर माणूस कमी असतो हे त्यांना ठाऊक होतं.

इथे एक साधा हिशेब करून पाहा. आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठवड्याला चाळीस तास काम करतो. म्हणजे एक खुर्ची चोवीस तास भरलेली ठेवायला चारहून जास्त माणसं लागतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं तर पाच. पहाऱ्याच्या दोन खुर्च्या म्हणजे दहा माणसं. मंजूर पद मात्र अनेकदा एक असतं आणि तेही कंत्राटी. मग रविवारी पहारा कोण देणार?

२३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्समधले सर्व्हर रॅन्समवेअरने गोठले. सरकारने संसदेत सांगितलं की पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला, आणि नेटवर्कचे भाग नीट वेगळे केलेले नव्हते. साध्या भाषेत सांगायचं तर वाड्याच्या एका खोलीला लागलेली आग पसरू नये म्हणून मध्ये भिंत लागते, ती भिंत नव्हती. पुढचे बरेच दिवस रुग्णांची नोंद हाताने, वहीत झाली. रायपूरच्या टाटीबंधलाही एम्स आहे, २०१२ पासून. बस्तर, सरगुजा, थेट ओडिशातून तिथे रुग्ण येतात. ही भिंत घालणं हे अभियंत्याचं काम आहे. पण ती घालायला पैसे आणि वेळ मागणारा, 'भिंत पूर्ण होईपर्यंत नवी सेवा सुरू करू नका' असं वरिष्ठांना तोंडावर सांगणारा अधिकारी लागतो. त्यालाच मुख्य माहिती सुरक्षा अधिकारी, सीआयएसओ म्हणतात. केंद्राच्या सर्ट-इन संस्थेने ३० जून २०२३ ला सरकारी कार्यालयांसाठी सुरक्षेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात हा अधिकारी नेमायला सांगितलं आहे. देशभर बहुतेक खात्यांत तो नेमलाही जातो, पण मूळ कामाच्या वर 'अतिरिक्त प्रभार' म्हणून. जानेवारी २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'सायबर सुरक्षित भारत' उपक्रमात अशा अधिकाऱ्यांना काही दिवसांचं प्रशिक्षण मिळतं. ते चांगलं आहे, हवंच आहे. पण परतल्यावर त्यांच्या टेबलावर जुन्याच फायली थांबलेल्या असतात.

टीआय साहेबांचं टेबल

तिसरी फळी पोलिसांची. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७८ सांगतं की या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षकाहून खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. २००० च्या मूळ कायद्यात तर हा दर्जा उपअधीक्षकाचा होता, २००८ च्या दुरुस्तीने तो निरीक्षकापर्यंत खाली आला. छत्तीसगडमध्ये निरीक्षकाला टीआय म्हणतात. ठाण्यात बहुधा एकच टीआय असतो आणि खून, अपघात, मिरवणूक, मंत्र्यांचा दौरा हे सगळं त्याच्याच डोक्यावर. शिकून आलेला तरुण उपनिरीक्षक समोर बसलेला असतो, पण कायद्याने तपास त्याच्या हाती देता येत नाही. मनुष्यबळाचा प्रश्न कधी कधी कायद्याच्या एका ओळीत अडकलेला असतो, तो असा.

माझे एक आप्त रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी घरं या भागात आहेत. निवृत्तीनंतर त्यांना एक दिवस व्हिडिओ कॉल आला, समोर खाकी गणवेशातला माणूस, पाठीमागे पोलीस ठाण्यासारखी भिंत. 'डिजिटल अरेस्ट', म्हणजे फोनवरूनच केलेली खोटी अटक. दोन तास ते खोलीत कोंडून बसले आणि पेन्शनच्या खात्यातून मोठी रक्कम पाठवून मोकळे झाले. मुलीला कळलं तेव्हा तिने सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर, १९३० फिरवला. पलीकडच्या माणसाने दरडावलं नाही, 'तुम्ही फसलातच कसे' असं विचारलं नाही. शांतपणे व्यवहार क्रमांक, वेळ, बँक विचारली आणि सगळं नोंदवून घेतलं. काही रक्कम पुढच्या खात्यात गोठवली गेली, बाकी गेली. ती रक्कम वाचली ती त्या अनोळखी माणसाच्या सरावामुळे, असं मला मनापासून वाटतं. त्या टेबलावर घाबरलेला, गोंधळलेला किंवा कंटाळलेला माणूस असता तर तेवढंही हाती लागलं नसतं.

या टेबलांवर किती भार आहे हे आकड्यांतून दिसतं. २०२४ मध्ये देशात सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गेले, आदल्या वर्षीच्या तिप्पट. १९३० ही हेल्पलाइन आणि तिच्याशी जोडलेल्या यंत्रणेने २०२५ च्या मध्यापर्यंत ५,४८९ कोटी वाचवल्याचं सरकारने लोकसभेत सांगितलं.

फोन घेणं ही सुरुवात. पुढे पुरावा कोर्टात उभा राहिला पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हॅश मूल्य नोंदवावं लागतं. हॅश म्हणजे फाइलचा बोटाचा ठसा. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. जप्त केलेला मोबाइल शिपायाने कुतूहलाने उघडून पाहिला की ठसा बिघडतो आणि आरोपीचा वकील नेमकं त्यावरच बोट ठेवतो. त्याच दिवशी लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाची घटनास्थळी भेट सक्तीची केली, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत दिली. म्हणजे एवढे तज्ज्ञ पाच वर्षांत उभे करायचे आहेत. २२ जून २०२५ ला नवा रायपूरमध्ये राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाच्या परिसराची आणि केंद्रीय प्रयोगशाळेची पायाभरणी झाली, ती या पार्श्वभूमीवर.

आणि मग आहेत सायबर कमांडो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने ही योजना सुरू केली. पाच वर्षांत पाच हजार कमांडो घडवायचे. उमेदवार राज्यांच्या आणि केंद्रीय दलांच्या पोलिसांतूनच घेतले जातात, परीक्षा घेऊन निवडले जातात आणि सहा महिने निवासी प्रशिक्षण घेतात. शिकवणाऱ्या संस्थांत पुण्याजवळची गिरीनगरची डायट ही संरक्षण तंत्रज्ञान संस्था आहे आणि नवा रायपूरच्या सेक्टर २४ मधली ट्रिपल आयटीही आहे. रोजच्या तक्रारींचा तपास हे या कमांडोंचं मुख्य काम नाही. आपल्या राज्याच्या संगणक व्यवस्थांवर हल्ला झाला तर धावून जायचं, तो रोखायचा, माग काढायचा, यासाठी ते आहेत.

ट्रिपल आयटीच्या वर्गात बसलेल्या पोलिसाचा विचार केला की मला कांकेर डोळ्यांपुढे येतं. तोही आधीच पोलीस आहे. त्यालाही मुळापासून नवं काही शिकायचं आहे. फक्त पायाखालच्या वाळक्या पानाच्या आवाजाऐवजी त्याला आता लॉगमधली एक चुकीची ओळ ओळखायची आहे.

शिकल्यानंतर कुठे?

सहा महिन्यांनी तो परत येतो. त्याला कुठे पाठवलं जातं, यावर सगळं अवलंबून आहे. निवडणूक लागली, मेळा भरला, मंत्र्यांचा दौरा आला की प्रत्येक गणवेशधारी माणूस मोजून रस्त्यावर काढायची आपल्या पोलीस खात्याची सवय आहे. दोन-तीन वर्षांत बदलीचा हुकूम येतो. सायबर कक्षातून माणूस वाहतूक शाखेत जातो, त्याच्या जागी आलेला नवा माणूस पहिल्या धड्यापासून सुरुवात करतो. समन्वय केंद्राच्या 'सायट्रेन' या ऑनलाइन अभ्यासक्रमाला देशभरातल्या एक लाखाहून अधिक पोलिसांनी नाव नोंदवलं आहे. त्यांतले किती जण आज त्याच कामावर आहेत, हा प्रश्न प्रत्येक राज्याने स्वतःला विचारायला हवा.

नागरी बाजूला गळती वेगळी आहे. कंत्राटावर आलेला तरुण चिप्ससारख्या संस्थेत दोन वर्षांत जे शिकतो, त्याला खासगी कंपनी दुप्पट-तिप्पट पगार देते. ३ मे २०२५ ला नवा रायपूरच्या सेक्टर २२ मध्ये एका मोठ्या एआय डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली. राज्यासाठी ती आनंदाची गोष्ट आहे. पण त्या पार्कलाही हीच कुशल माणसं लागणार आणि ती शेजारच्या सरकारी इमारतीतून घेणं त्याला सगळ्यात सोपं.

याला उत्तरं आहेत, आणि ती आपल्या ओळखीची आहेत. छत्तीसगडमध्ये आणि महाराष्ट्रातही सरकारी महाविद्यालयातून डॉक्टर झालेल्या मुलांना बंधपत्र लिहून द्यावं लागतं, काही काळ सरकारी सेवा करावी लागते. अमेरिकेत या शतकाच्या सुरुवातीपासून सायबर सुरक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी अशीच योजना आहे. सरकार फी आणि विद्यावेतन देतं, विद्यार्थी तितकीच वर्षं सरकारी कार्यालयात नोकरी करतो. रायपूरच्या एनआयटी, ट्रिपल आयटी आणि भिलाईच्या आयआयटीतल्या वर्षाला वीस-पंचवीस मुलांसाठी अशी योजना काढणं राज्याला जड नाही. त्यांतले निम्मे बंधपत्र संपताच गेले तरी निम्मे राहतील, आणि गेलेलेही सरकारी व्यवस्था आतून ओळखणारे नागरिक असतील. संकटाच्या दिवशी हाक मारली तर येतील. एस्टोनियावर २००७ साली मोठा सायबर हल्ला झाला. त्यानंतर त्या देशाने खासगी नोकरीतल्या तज्ज्ञांची स्वयंसेवक फळी उभारली, ती याच विचाराने.

दुसरं उत्तर पदांच्या नावात आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ मध्ये सायबर कामांची यादी केली, त्यात ५२ वेगवेगळ्या भूमिका निघाल्या. लॉग वाचणारा वेगळा, हल्ला झाल्यावर धावणारा वेगळा, धोरण लिहिणारा वेगळा, शिकवणारा वेगळा. आपल्याकडच्या बहुतेक खात्यांत यादी 'प्रोग्रामर' आणि 'डाटा एंट्री ऑपरेटर' इथेच संपते. ज्या कामाला नाव नाही त्याला पद नाही, पद नाही म्हणून बढती नाही, आणि बढतीची वाट नसलेल्या कामावर चांगला माणूस थांबत नाही. महाराष्ट्राने सायबर पोलिसांचं वेगळं दल केलं, महापे इथे ८३७ कोटींचा प्रकल्प उभारला. तिथेही कसोटी हीच राहील की दहा वर्षांनी तिथल्या खुर्च्यांवर दहा वर्षांचा अनुभव बसलेला असेल का.

भाषेचा हात

रायपूरमध्ये फिरताना सप्रे शाळेचं नाव कानावर येतं. माधवराव सप्रे मराठी घरातले. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' मासिक काढलं. पुढे लोकमान्य टिळकांचं 'गीतारहस्य' आणि समर्थांचा 'दासबोध' त्यांनी हिंदीत नेला. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या विज्ञान कोशासाठी अर्थशास्त्राचे हिंदी शब्द जमवायचं कामही त्यांनी केलं. ज्ञान लोकांच्या भाषेत नेल्याशिवाय ते लोकांचं होत नाही, एवढ्या एका निष्ठेने हा माणूस आयुष्यभर राबला आणि १९२६ मध्ये रायपुरातच गेला.

आज सायबर सुरक्षेचे अभ्यासक्रम, सूचना, परिपत्रकं बहुतेक इंग्रजीत आहेत. हिंदीत आहेत ती अनेकदा अशी की मूळ इंग्रजी समोर ठेवल्याशिवाय अर्थ लागत नाही. सुकम्यातल्या अंगणवाडी सेविकेला गोंडी किंवा हल्बी बोलून समजावणारा, राजनांदगावच्या पटवाऱ्याशी छत्तीसगढीत बोलणारा प्रशिक्षक हवा. आपल्या गडचिरोली-गोंदियाच्या सीमेवरही प्रश्न हाच आहे. चंदखुरीच्या पोलीस अकादमीत शिकणाऱ्या शिपायाला हॅश म्हणजे काय, हे 'फाइलचा ठसा' या दोन शब्दांत कळतं. असे शब्द घडवणं हेसुद्धा मनुष्यबळ घडवणंच आहे, आणि त्या कामाला सप्र्यांसारखी माणसं लागतात.

बस्तरमधलं जंगलातलं युद्ध ओसरू लागलं आहे. नक्षलवाद संपवण्यासाठी मार्च २०२६ ही मुदत केंद्रीय गृहमंत्र्यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये रायपुरातच जाहीर केली होती. त्या लढाईत घडलेली शिस्त, चिकाटी आणि प्रशिक्षणाची व्यवस्था राज्याजवळ शिल्लक आहे. तिचा काही भाग या नव्या पहाऱ्याकडे वळवता येईल. कांकेरची शाळा उभी राहिली कारण कुणीतरी मान्य केलं की आपल्या शिपायांना हे काम येत नाही, ते शिकवावं लागेल आणि शिकलेल्यांना त्याच कामावर ठेवावं लागेल. सायबरच्या बाबतीत यातली पहिली दोन वाक्यं आपण म्हटली आहेत. तिसरं अजून म्हणायचं आहे.

वाचकांना एक विनंती. पुढच्या वेळी तहसील कचेरीत, जिल्हा परिषदेत किंवा महापालिकेत कामाला गेलात तर तिथल्या साहेबांना नम्रपणे दोन प्रश्न विचारा. आपल्या कार्यालयाचा माहिती सुरक्षा अधिकारी कोण, आणि तो या कामावर किती वर्षं आहे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच मिळालं नाही, किंवा दुसऱ्याचं उत्तर एका वर्षाहून कमी आलं, तर तुमचा सातबारा, तुमच्या आईचं अनुदान आणि तुमच्या धानाचं टोकन सध्या पहाऱ्याविना आहे असं समजा, आणि लेखी अर्ज करून ते विचारत राहा.